ढाबळीतली धूळ

९ जानेवारी

ताई,

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून रागावू नकोस. दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र चालू असतं, काही ऐकू येत नाही. घरी आल्यावर बोलायला सुचत नाही. पत्रात जमतं. लहानपणापासून तू मला घुम्या म्हणतेस ते काही खोटं नाही.

अण्णांना जाऊन उद्या सहा आठवडे होतील. त्यांची खाट मी हलवलेली नाही. उशीवरचा अभ्रा तेवढा बदलला.

कबुतरं बरी आहेत. तेवीस आहेत. अण्णा करायचे तसंच सगळं करतो. सकाळी दाणा टाकतो, पाणी बदलतो, दुपारी एकदा उडवतो. गच्चीवरच्या ढाबळीची एक फळी सुटली होती, ती ठोकली. खालच्या खणात एका जोडीने दोन अंडी घातली आहेत. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. सकाळी दहाच्या सुमाराला नर येतो आणि मादी उठते, घड्याळ लावावं तसं.

एक सांगतो, हसू नकोस. माझ्याकडे दुःखाला वार ठरलेला आहे. रविवारी सकाळी मी ढाबळ खरवडून साफ करतो. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला अंग मोडून येतं, थंडी वाजते, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. सोमवारी दुपारपर्यंत उतरतं. दिवसभर अण्णांच्या वस्तूंत वावरल्यावर असं होणारच. घड्याळवाले काका म्हणतात, "रडून घे रे. आत कोंडलं की त्याचा ताप होतो." मला रडू येत नाही. तापच येतो.

तू निघताना जे बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही.

घुम्या


१८ जानेवारी

घुम्या,

म्हणे यंत्र चालू असतं! आणि जेवायला बसतोस तेव्हा? तेव्हाही यंत्र शेजारी पाट मांडून बसतं का? एकदा तरी उचल. तुझा आवाज ऐकून दीड महिना झाला.

दुःख शरीरात उतरतं हे खरं आहे. माझे केस गळताहेत. झोप चार वाजता मोडते ती मोडतेच. तुझा रविवारचा ताप मला कळतो. अंगावर काढू नकोस एवढंच.

परवा चौथीच्या वर्गाला श्वासाचा धडा शिकवत होते. माणूस दिवसाला वीस हजार वेळा तरी श्वास घेतो, असं सांगितलं. एका मुलीने हात वर केला. "बाई, मोजतं कोण?" सगळा वर्ग हसला. मी पुस्तकात बघत उभी राहिले. अण्णा शेवटी शेवटी मोजतच होते ना?

पुढच्या महिन्यात शाळेला दोन-तीन सुट्ट्या जोडून आहेत. दहा दिवस ये. तुझे भाऊजी म्हणतात, "त्याला सांग, कबुतरांकडे रजेचा अर्ज टाक. मंजूर नाही झाला तर मी बोलतो." काका घालतील की तेवढे दिवस दाणा. अण्णा इथे यायचे तेव्हा घालायचेच.

इथल्या रुग्णालयातून अण्णांची फाईल आणली आहे. कपाटात ठेवली आहे. उघडायला हात धजत नाही.

मी निघताना जे बोलले ते बोलायला नको होतं. एवढंच लिहिते.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

शनिवारी सुखरूप पोचलो. तुझ्याकडचे दिवस चांगले गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी तुमचे तीन मजले न थांबता चढत होतो, ते भाऊजींच्या नजरेतून सुटलं नाही. "मेहुणा माझ्या घरचं खाऊन पैलवान झाला," असं ते शेजाऱ्यांना सांगत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

इथे आल्यावर पुन्हा तेच. दहा दिवसांची घाण साचली होती. काका दाणा टाकतात, पण खरवडायचं काम त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. रविवारी चार तास लागले. संध्याकाळी जो ताप भरला तो आजवरचा सर्वांत मोठा. दात वाजत होते. सोमवारी दुकानात गेलो नाही.

तुझ्याशी खोटं बोललो, ते सांगून टाकतो. तू पहिल्या दिवशी माझा खोकला ऐकलास आणि मी प्रवासातली धूळ म्हणालो. तो खोकला नोव्हेंबरपासून आहे. कोरडा आहे, काही पडत नाही. फोनवर तुला ऐकू जाईल म्हणून मी फोन घेत नव्हतो. घाबरू नकोस. काचेची भुकटी असणार. पाणी सोडून घासतो, तरी थोडी उडतेच.

मला वाटतं, या घरात एकट्याने राहणं मला सोसत नाही. अण्णांनाही सोसत नव्हतं. तेही तुझ्याकडे आले की आठवड्यात उठून बसायचे आणि इथे परतले की चार दिवसांत खाट धरायचे. तू म्हणालीसच होतीस. मी त्यांना नीट ठेवलं नाही.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि वाढलीही. आता पंचवीस झाली.

घुम्या


२५ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पत्र दारातच उघडलं आणि तिथेच उभी राहिले. एक वाक्य चार वेळा वाचलं. इथे आले की बरे, तिथे परतले की आजारी. तूही, अण्णाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. शाळा सुटल्यावर ती त्याला न्यायला आली, तेव्हा मी तिला फाटकाशी थांबवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने एकच प्रश्न विचारला. "घरात पक्षी आहेत?"

आता मी तुला मुलांना सांगते तसं सांगते, कारण मला दुसरं सांगता येत नाही. कबुतराच्या पिसांवर पांढरी बारीक पूड असते. पाऊस अंगावर टिकू नये म्हणून ती असते. कबुतर जितकं निरोगी, तितकी पूड जास्त. त्याची विष्ठा वाळली की तिचीही धूळ होते. ही धूळ इतकी बारीक असते की नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे ती जंतूसारखं काही करत नाही. करतं आपलंच शरीर. काही माणसांचं शरीर तिला शत्रू समजतं आणि लढायला उठतं. म्हणून साफसफाईनंतर चार-सहा तासांनी थंडी, ताप, छाती भरणं. धूळ थांबली की बरं वाटतं. पण दर आठवड्याला लढाई झाली तर फुप्फुस आतून जखमेच्या वणासारखं कडक होत जातं. तो कडकपणा परत जात नाही.

तिने सांगितलेली एक परीक्षा आजच कर. दोन्ही हातांच्या तर्जनी उलट्या करून नखाला नख लाव आणि उजेडाकडे धर. मध्ये पत्त्यातल्या चौकटीसारखी छोटी फट दिसायला हवी. नखं फुगायला लागली की ती फट बुजते. अण्णांची नखं आठवतात ना, घड्याळाच्या काचेसारखी गोल झालेली? आपण म्हणायचो, कष्टाचे हात.

गच्चीवर जाऊ नकोस. एकदाही नको. काकांना सांग. आणि छातीच्या डॉक्टरकडे जा.

फाईल उघडली. त्यात एक गोष्ट आहे. ती या पत्रात लिहवत नाही.

ताई


३ मार्च

ताई,

नखं लावून पाहिली. फट आहे. आधी दिसली नाही, मग खिडकीशी गेलो तेव्हा दिसली. तेव्हापासून दुकानात काच धरली की हातातली काच बाजूला ठेवून नखं बघतो. गिऱ्हाईक विचारतं, "झालं का माझं?" मी हो म्हणतो.

काकांना तुझं पत्र दाखवलं. ते चिडले. "चाळीस वर्षं कबुतरांत आहे मी! मला कधी शिंक आली नाही. तुझ्या बहिणीला म्हणावं, शाळेतली पोरं सांभाळ." मग थोडा वेळ घड्याळ उघडून त्यात बघत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "तुझ्या बापालाही रविवारीच ताप यायचा. आम्ही त्याला चिडवायचो. सोमवार आला की याला कामाचा ताप येतो म्हणून."

तुला नक्की काय म्हणायचं आहे? अण्णांना त्यांच्या कबुतरांनी मारलं? मला तसं लिही, म्हणजे मी एकदा वाचून टाकीन.

कारण तसं असेल तर मला तुला काहीतरी सांगायला हवं. ऑक्टोबरपासून त्यांना गच्चीचा जिना चढवेना. ते छताकडे बघत पडून राहायचे. पंखांचा आवाज आला की किती उतरली ते बोटांवर मोजायचे. मला ते बघवेना. म्हणून मी रोज सकाळी एकेक कबुतर खाली आणायचो आणि त्यांच्या पांघरुणावर ठेवायचो. राखाडी नर त्यांचा लाडका, तो त्यांच्या गळ्याशी बसायचा. अण्णा त्याच्या मानेत नाक घालून डोळे मिटायचे. थंडी होती म्हणून मी खिडक्या बंद ठेवल्या होत्या. तुला सांगितलं नाही, कारण अंथरुणात पक्षी म्हटल्यावर तू ओरडली असतीस. शेवटच्या आठवड्यात तर मी तो नर खोलीतच ठेवला होता.

मी त्यांना सुख देत होतो, ताई.

रविवारी गच्चीवर गेलो नाही. आज गेलो. पिल्लांना दाणा कोण घालणार? तोंडाला रुमाल बांधला होता. संध्याकाळचे पाच वाजले आहेत. अजून काही होत नाही. थंडी वाजते का, ते बघत बसलो आहे.

घुम्या


८ मार्च

घुम्या,

तू लिहिलंस, आता मी लिहिते.

मागच्या मे महिन्यात अण्णांना इथल्या रुग्णालयात नेलं होतं. दारातच एक कागद भरायला दिला. धूम्रपान करता का, काम कोणतं, घरात ओल आहे का. सातवा प्रश्न होता: घरात पाळीव प्राणी किंवा पक्षी आहेत का? त्यासमोर 'नाही' लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. वर्गात फळ्यावर लिहिते तसं सुवाच्य.

मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात आलंच नाही. आपल्या घरात कबुतरांना पाळीव म्हणायची पद्धत कुठे होती? तुला आठवतं, शेजारच्या बाईंनी एकदा "तुमचे पाळीव पक्षी" म्हटलं, तर अण्णा म्हणाले होते, "जे रोज आपण होऊन परत येतं, त्याला पाळलंय असं कसं म्हणायचं?" पाळीव म्हणजे कुत्रा, पाळीव म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. शिवाय कागदावर 'घरात' लिहिलं होतं आणि कबुतरं तर गच्चीवर. अण्णा शेजारीच बसले होते. मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचत होते. तेही मान हलवून "नाही" म्हणाले.

त्या डॉक्टरने तो कागद वाचला असेल आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला असेल. मे ते नोव्हेंबर. सहा महिने होते आपल्याकडे.

आणि हे सगळं माझ्या हातून झालेलं असताना, त्यांचे दिवस झाल्यावर निघताना मी तुला दारात म्हणाले, "माझ्याकडे बरे होते. तुझ्याकडे आले की बिघडायचे." वाक्य खरं होतं. अर्थ मी लावला तो नव्हता. तू तीन महिने ते वाक्य उराशी धरून रोज गच्चीवर चढत होतास.

आता कोणी कुणाला काय केलं ते राहू दे. विचारायला अण्णा उरले नाहीत. तू उरला आहेस. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आहे. ती तिथल्या डॉक्टरला दाखव. रुमालाचा काही उपयोग नाही, धूळ त्यातून आत जाते. आणि त्या संध्याकाळी पुढे काय झालं, ते तू लिहिलं नाहीस.

ताई


२९ मार्च

ताई,

त्या संध्याकाळी सात वाजता थंडी वाजायला लागली. म्हणून लिहिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पाठीला नळी लावून खोल श्वास घ्यायला सांगितला. सारखं "पुन्हा, पुन्हा" म्हणत होते. मी विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाले, "केसांची बट कानाजवळ बोटांत चोळली की येतो तसा आवाज." मग रक्त घेतलं, एका यंत्रात जोर लावून फुंकायला लावलं, छातीचा स्कॅन केला. फुंकताना मी पूर्ण जोर लावला होता. यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "अजून लावा." अजून नव्हता.

निकाल आला. तुझ्या डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. फुप्फुसांच्या तळाशी थोडा भाग कडक झाला आहे. तो तसाच राहील. बाकीचा सुजलेला आहे, तो गोळ्यांनी आणि धूळ सोडल्याने उतरू शकतो. मी विचारलं, वडिलांसारखं होईल का? ते म्हणाले, "ते मी ठरवत नाही. तुम्ही त्या हवेत किती दिवस राहता, त्यावर आहे."

कबुतरं काकांना दिली. त्यांची ढाबळ दोन गल्ल्या सोडून आहे. सकाळी दिली, काकांनी दुपारी उडवली आणि चहाच्या आधी सगळी परत आपल्या गच्चीवर. काका म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? त्यांना हेच तर शिकवलं." मग लांबच्या गावचा एक माणूस आला आणि करंड्यांतून पंचवीसच्या पंचवीस घेऊन गेला. कोंडून ठेवीन म्हणाला, फक्त पिल्लं काढायला. मी खालच्या खोलीत दार लावून बसलो होतो. करंड्या उतरवताना जिन्यात घुमण्याचा आवाज येत होता. तो खालच्या पायरीपर्यंत मोजला.

काल चार परत आली. अकरा दिवसांनी. एकाच्या पंखाची पिसं तुटलेली आहेत.

ढाबळ बंद केली आहे. ती कठड्यावर बसतात. खायला काही नाही तरी जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, पक्षी गेले तरी भिंतींत, गाद्यांत ती धूळ कित्येक महिने राहते. म्हणजे मी आत्ता तीच घेतो आहे. खिडकी उघडावी तर वर ती बसलेली. बंद ठेवावी तर आत अण्णांची खाट. मी हळू श्वास घेतो. कमी घेतला तर कमी जाईल असं वाटतं. मग दम लागतो आणि मोठा घ्यावाच लागतो.

आता मला सगळ्याची भीती वाटते. चादर झटकायचीही.

घुम्या


४ एप्रिल

घुम्या,

घर सोड. लगेच.

श्वास कमी घेऊन कुणी वाचत नाही. मी चौथीला शिकवते, मला विचार. खाट, गाद्या, पडदे काहीही हलवू नकोस, झटकू नकोस. ते काम ओलं करून दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे. काकांना जमेल. त्यांच्या शरीराला ती धूळ शत्रू वाटत नाही, ते नशीबवान आहेत. सगळ्यांची शरीरं एकसारखी नसतात आणि तो कुणाचाही गुण नाही की दोष नाही.

तुझे भाऊजी स्टेशनवर येतील. आज त्यांनी एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समज. दुकानाच्या मालकाला मी वेगळं पत्र टाकते. इथेही माणसं चष्मे लावतात.

आणि त्या चार पक्ष्यांना दाणा टाकू नकोस. मी तुला ओळखते. टाकलास तर ते थांबतील आणि तूही थांबशील.

ताई


१६ एप्रिल

ताई,

शुक्रवारच्या गाडीने निघतो आहे. पत्र आधी पोचेल.

दाणा टाकला नाही. एकदा डबा हातात घेतला होता.

काकांनी सोमवारी ढाबळ उतरवली. फळ्या आधी भिजवल्या, मग काढल्या. मला त्यांनी दिवसभर त्यांच्या दुकानात बसवून ठेवलं. संध्याकाळी आले ते भिजलेले. म्हणाले, "तुझ्या बापाने एका खिळ्याच्या जागी तीन ठोकलेत. कंटाळलो काढून." मग तोंड फिरवून मिशी पुसत राहिले. तीन पक्षी त्यांनी हाताने धरले आणि त्या माणसाकडे परत पाठवले. या वेळी पंखांची टोकं छाटून. नवी पिसं फुटेपर्यंत उडता येणार नाही.

चौथा हाती लागला नाही. तो राखाडी नर.

काल सकाळी तो अण्णांच्या खिडकीवर आला. वर ढाबळ नाही, म्हणून त्याला दुसरी ठाऊक असलेली जागा तीच. मी आत कपडे भरत होतो. त्याने काचेवर चोच मारली. थांबला, मान तिरकी करून आत खाटेकडे पाहिलं. पुन्हा मारली. मग पंख फडफडवून काचेवर आपटायला लागला.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कडीवर हात होता. अण्णा असते तर त्यांनी खिडकी उघडली असती. मी नुसती फट केली असती तरी तो आत आला असता आणि माझ्या हातावर बसला असता. त्याला हातात घेतलं की काय वास येतो, ते मला माहीत आहे. अण्णांच्या सदऱ्यांना तोच वास आहे. मला अण्णा हवे होते आणि मला त्यांच्यासारखं मरायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत. मी दुसऱ्या हाताने नाक आणि तोंड दाबून धरलं होतं. ते मला नंतर कळलं.

कडी उघडली नाही. पडदा हलवला तर धूळ उडेल, म्हणून तोही ओढला नाही. मी पाठ करून दारापाशी जाऊन बसलो. तो बराच वेळ आपटत होता. दुपारी कधीतरी आवाज थांबला. तो उडून गेला की दमून खाली पडला, हे मी पाहिलं नाही.

आज सकाळी पाहिलं तर काचेच्या बाहेरच्या बाजूला त्याचा ठसा उमटला आहे. पिसांवरच्या पुडीचा. दोन्ही पंख पसरलेले, पीस अन् पीस मोजता येईल असा, पांढरा. ऊन आलं की स्पष्ट दिसतो. काका म्हणाले, "पुसू का?" मी म्हटलं, पुसा, ओल्या फडक्याने पुसा.

ते पुसत होते तेव्हा मी आतून बघत होतो. काच मध्ये होती. तरी श्वास धरून ठेवला होता.

घुम्या